४४, ६०, ३२... वयाचे हे आकडे येतात कुठून?

ऑगस्ट २०२४ मध्ये एक बातमी आली: माणूस हळूहळू म्हातारा होत नाही, ४४ आणि ६० या दोन वयांच्या आसपास एकदम होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसरी आली: मेंदूची किशोरावस्था म्हणे ३२ पर्यंत चालते. इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, 'शुभ सकाळ'च्या फुलांमधून वाट काढत, या दोन्ही बातम्या अजून फिरतायत. पहिलीनं त्रेचाळिशीतल्या लोकांना धसका दिला, दुसरीनं लग्न लांबवणाऱ्या मुलांना आयतं निमित्त दिलं. इथल्या 'सानंद' या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात साठी उलटलेल्या एका काकांनी मला विचारलं, "काय हो, साठीचा झटका आम्हाला न कळताच येऊन गेला की काय?"

थट्टा होती, पण प्रश्न रास्त होता. वाढदिवसाच्या केकवर लिहावा तसा एक आकडा शरीराच्या आतही लिहिलेला असतो, असं या बातम्या वाचून वाटतं. तसा तो नसतो. अभ्यास दोन्ही प्रामाणिक आहेत. गोंधळ मथळ्यांनी केला आहे.

अभ्यासात नेमकं काय होतं?

पहिला अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. कॅलिफोर्नियात राहणारे, २५ ते ७५ वयाचे १०८ जण. त्यांचं रक्त, मल, त्वचेवरचे आणि नाकातोंडातले नमुने ठरावीक काळानं घेतले आणि त्यातले हजारो रेणू व सूक्ष्मजीव मोजले. रेणू म्हणजे साखर, चरबी, प्रथिनं ज्यांची बनलेली असतात ते अतिसूक्ष्म घटक. दिसलं असं, की दर पाचातले चार घटक वयाबरोबर एका संथ चालीनं बदलत नाहीत. चाळिशीच्या मध्याला आणि साठीच्या सुरुवातीला त्यांच्यात जास्त उलथापालथ होते. चाळिशीतली उलथापालथ चरबी, दारू आणि कॉफी पचवण्याशी निगडित घटकांची. साठीतली पिष्टमय पदार्थ, रोगप्रतिकारशक्ती आणि मूत्रपिंडांशी निगडित. त्वचा आणि स्नायूंचे घटक दोन्ही वेळी बदललेले. चाळिशीतला बदल बायकांच्या रजोनिवृत्तीमुळे दिसतोय की काय, अशी संशोधकांना आधी शंका आली, पण तो पुरुषांतही तसाच निघाला.

आता मथळ्यात न मावलेला भाग. यातल्या एकाही माणसाचा २५ पासून ७५ पर्यंत पाठपुरावा झालेला नाही. बहुतेकांची नोंद दोनेक वर्षांची आहे, सर्वात लांबलेली सात वर्षांच्याही आतली. म्हणजे २५ वर्षांचा माणूस वेगळा, ४४ वर्षांचा वेगळा आणि ६० वर्षांचा तिसराच. तिघांचं बालपण वेगळं, खाणं वेगळं, नोकरीचा ताण वेगळा. दारूशी निगडित घटक ४४ ला बदलतात ते वयामुळे, की त्या वयात तिथली माणसं जास्त पितात म्हणून? हा प्रश्न संशोधकांनी स्वतःच उपस्थित केला होता. शिवाय कॅलिफोर्नियातल्या १०८ जणांचा आकडा इंदूरच्या रामबागेतल्या माणसाला जसाच्या तसा लागू होईल, असं मानायला काही आधार नाही.

दुसरा अभ्यास केंब्रिजचा. नवजात बाळापासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे ३,८०० जणांच्या मेंदूचे एमआरआय पाहून त्यांनी मेंदूतल्या जोडण्यांचा आराखडा मांडला. ९, ३२, ६६ आणि ८३ या वयांच्या आसपास त्या आराखड्याची दिशा बदलते, असं दिसलं. ९ ते ३२ या टप्प्यात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली ये-जा सतत अधिक सुटसुटीत होत जाते, म्हणून त्या टप्प्याला त्यांनी किशोरावस्था म्हटलं. तिशीतल्या माणसाला पंधरा वर्षांच्या मुलाएवढीच समज असते, असं कुठेही म्हटलेलं नाही. ३१ व्या वर्षी भाड्याचा करार विसरणाऱ्या चिरंजीवांनी हा अभ्यास पुढे करू नये.

एका अंगात अनेक वयं

तुम्ही ४५ चे असाल तर तुमच्या डोळ्यातलं भिंग चांगलंच म्हातारं झालेलं आहे. जवळचं पाहण्याची त्याची क्षमता लहानपणापासूनच उतरत असते. दहा वर्षांचं मूल डोळ्यांपासून सात-आठ सेंटीमीटरवरचं अक्षर वाचू शकतं. पुढे हे अंतर वाढतच जातं आणि पंचेचाळिशीला पेपर हातभर लांब धरावा लागतो. चष्मा चाळिशीत लागतो एवढंच, उतार केव्हाच सुरू झालेला असतो.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, रोगांशी लढणाऱ्या पेशींची तालीम तिथे होते. ती वयात आल्यानंतर आक्रसायला लागते आणि तिची जागा चरबी घेते. फुप्फुसं विशीच्या पहिल्या अर्ध्यात सर्वात सक्षम असतात. हाडं तिशीच्या आसपास सर्वात भरलेली. उलट शब्दसंपत्ती साठीपर्यंत वाढत राहते, म्हणून शब्दकोड्यात आजी नातवाला हरवते आणि मोबाइलच्या खेळात नातू आजीला.

मग 'म्हातारपण कधी सुरू होतं?' या प्रश्नाला एक उत्तर कसं असेल? विचारायचं ते वेगळं: कुठल्या अवयवाजवळ किती शिल्लक आहे, आणि ती किती वेगानं घटतेय?

टाकीचा हिशोब

इंदूरकरांना टाकी समजावून सांगायला नको. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढून येतं, बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड, म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी. रोजच्या वापरात ती टाकी पाचशे लिटरची आहे की हजारची, याचा पत्ताही लागत नाही. तो लागतो लाइन फुटते त्या दिवशी. कुणाकडे दोन दिवस निभतं, कुणाकडे दुपारीच नळ कोरडे.

डॉक्टर ज्याला राखीव क्षमता म्हणतात ती हीच. तरुण, निरोगी माणसाचं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करू शकतात. एक मूत्रपिंड दान केलेली माणसं म्हणूनच नेहमीचं आयुष्य जगतात. वय वाढतं तसं घटतं ते हे राखीव. रोजचं चालणं, जिना, बाजारहाट तसंच चालू असतं, त्यामुळे घट दिसत नाही. मग एखादा न्यूमोनिया येतो, एखादी शस्त्रक्रिया होते, आणि घरचे म्हणतात, "परवापर्यंत ठणठणीत होते हो!" परवापर्यंत लाइन चालू होती.

या हिशोबात तीनच गोष्टी येतात: टाकी केवढी, भरली किती, आणि गळती किती. जन्मापासून म्हातारपणापर्यंतची सगळी गोष्ट या तिघांत बसते.

टाकी केवढी, हे पोटात असतानाच बरंचसं ठरतं

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाकडे दोन-तीन लाख, कुणाकडे वीस लाखांवर. गर्भारपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत त्या तयार होतात. त्यानंतर आयुष्यभरात एकही नवी होत नाही. आईचं पोषण कमी पडलं, बाळ खूप आधी किंवा कमी वजनाचं जन्मलं, तर चाळण्या कमी असण्याची शक्यता वाढते. पन्नाशीत रक्तदाब वाढतो तेव्हा आपण मिठाला दोष देतो. दोष असतोही. पण त्या हिशोबाचं पहिलं पान पन्नास वर्षं जुनं असू शकतं.

आपल्याकडच्या लोकांसाठी याहून महत्त्वाचा अभ्यास पुण्याचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं सगळ्या बाजूंनी सारखीच लहान असतील असं वाटेल, पण तसं नव्हतं. स्नायू खूपच कमी होते, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीची. भारतीयांना मधुमेह युरोपीय लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो. आपल्याकडे 'जास्त वजन' मोजायची रेषा म्हणूनच खाली आणलेली आहे: उंचीच्या तुलनेत वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो इतरत्र २५ पर्यंत ठीक मानतात, भारतीयांसाठी २३ पर्यंत.

आज्यांना गुटगुटीत बाळ आवडतं. पण कमी वजनाचं जन्मलेलं मूल नंतर भराभर फुगवलं, तर पुढे मधुमेहाचा आणि हृदयरोगाचा धोका वाढतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग घरचं मऊ अन्न. बाटली, ग्लुकोजची बिस्किटं आणि वाटीभर साखर यांनी येतं ते बाळसं नव्हे.

पहिली दोन वर्षं

जन्मापासून वर्षभरात बाळाचं वजन तिप्पट होतं. दोन वर्षांचं होईतो मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा झालेला असतो. गर्भारपणाचे सुमारे २७० दिवस आणि ही दोन वर्षं मिळून हजार दिवस होतात. पोषणाच्या सरकारी योजनांत 'पहिले हजार दिवस' ऐकू येतं ते याचमुळे.

आणि याच काळात शिल्लक सगळ्यात कमी असते. नवजात बाळाच्या शरीरात पाऊणभर पाणी. दोन दिवसांच्या जुलाबांनी बाळ कोमेजतं ते म्हणून. आपल्या मध्य प्रदेशाची नोंद इथे अजिबात भूषणावह नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत, जन्मलेल्या हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणारी मध्य प्रदेशात ४३ होती, देशात २८. स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात बसून हा आकडा वाचताना जरा थांबायला हवं.

"पूर्वीची माणसं जास्त दणकट होती" हे खरं ना?

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ७० आहे. पण त्या काळी माणसं बत्तिशीत म्हातारी होऊन जात होती, असा याचा अर्थ नाही. लहान मुलं फार मरत. एक जण वर्षाच्या आत गेला आणि दुसरा चौसष्टाव्या वर्षी, की सरासरी बत्तीस. आपल्या आठवणीत राहतात ते पंचाऐंशी वर्षांचे पणजोबा. त्यांची पाच भावंडं पाळण्यातच गेली, ती कुणाच्या फोटोत नाहीत. दणकट माणसं उरली म्हणून जुना काळ दणकट दिसतो.

उलटही एक चूक होते. आयुर्मान ७० आहे, म्हणून सत्तरीच्या माणसाचे दिवस भरले, असं नव्हे. सत्तरीपर्यंत जो पोचला त्यानं लहानपणाचे आणि तरुणपणाचे सगळे धोके पार केलेले असतात, त्याची पुढची अपेक्षित वर्षं दहाच्या वर असतात. सत्तरीच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन किंवा मोतीबिंदू "आता कशाला" म्हणून टाळणाऱ्या घरांनी हे नीट लक्षात घ्यावं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न घालता सत्तरीवरच्या सगळ्यांना लागू आहे.

भरायची वर्षं, आणि भंवरकुआ

हाडं एकदा बनली की तशीच राहतात, हा समज चुकीचा आहे. हाड आयुष्यभर थोडं मोडलं जातं आणि थोडं नव्यानं बांधलं जातं. तिशीपर्यंत बांधकाम जास्त, नंतर मोडतोड. मोठ्या माणसाच्या हाडांतला सुमारे चौथा हिस्सा वयात येतानाच्या, उंची झपाट्यानं वाढण्याच्या, साधारण दोन वर्षांत भरला जातो. मुलींत ही वर्षं अकरा ते चौदाच्या मध्ये येतात, मुलांत दीड-दोन वर्षं उशिरा. अठरा-वीसपर्यंत नव्वद टक्के काम आटोपलेलं असतं.

आता त्याच वर्षांत आपण मुलांना काय देतो ते पाहा. सहावी-सातवीपासून क्लास, उन्हात खेळणं बंद. मग भंवरकुआ या क्लासवाल्या वस्तीतल्या खोलीवर एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा परीक्षेची, तयारी, सकाळी पोहे-जलेबी, दुपारी टिफिन, रात्री कचोरी. पोहे वाईट नाहीत, पण त्यात प्रथिनं थोडी आणि कॅल्शियम जवळपास नाही. हाडाला कॅल्शियम लागतं, ते शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते त्वचेत बनायला ऊन. शिवाय हाडावर भार पडावा लागतो: उड्या, धावणं, वजन उचलणं. एवढं ऊन असलेल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण ऊन अंगणात आणि आपण आत. मुलींना तर "काळी पडशील" म्हणून आत बोलावलं जातं. पंचाहत्तरीतलं खुब्याचं हाड मोडण्याची तयारी तेराव्या वर्षी अशी होत असते. दूध, दही, पनीर, तीळ, नाचणी, डाळ-उसळ आणि रोज घटकाभर मैदानावर, इतकं साधं आहे हे; करत मात्र नाही.

फुप्फुसांचंही तसंच. वाढ होतेय त्या वयात सिगारेटची सवय लागली, तर फुप्फुसं आपल्या पूर्ण क्षमतेला पोचतच नाहीत. भरायच्या वर्षांत टाकी अर्धीच भरली, आणि गळती त्याच दिवशी सुरू.

"चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतं" याचं काय?

चयापचय, म्हणजेच मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर दिवसभरात ऊर्जा खर्च करण्याचा वेग. पोट सुटलं की दोष त्याच्या माथी मारायची पद्धत आहे. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्यांची, मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार जमेस धरला तर हा वेग सर्वात जास्त असतो वर्षाच्या बाळाचा, मोठ्यांच्या दीडपट. तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो. विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, आणि साठीनंतर दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी घटतो.

म्हणजे चाळिशीत पोट का सुटतं? खुर्ची, गाडी, झोपेची बोंब आणि रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू झाल्यावर वर जलेबा. आणि एक न दिसणारं कारण: तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात. मधुमेहाच्या दृष्टीनं हे फार वाईट, कारण जेवणानंतर रक्तातली साखर खेचून घेणारं सर्वात मोठं कोठार म्हणजे स्नायू. वजनाचा काटा तोच दाखवतो, पण आत स्नायूच्या जागी चरबी आलेली असते. जन्मतःच कमी स्नायू घेऊन आलेल्या आपल्या लोकांना हे जास्त महाग पडतं.

रजोनिवृत्ती: शरीरातली एकमेव खरी पायरी

बहुतेक बदल उतारासारखे असतात, हा मात्र पायरीसारखा. भारतीय बायकांत पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची मोडतोड आवरून धरत असतं. ते घटलं की पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. हृदयाला मिळणारं संरक्षणही याच काळात ओसरतं. घरात या सगळ्याला "तिची चिडचिड वाढलीय" एवढंच नाव असतं.

गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर बीजाशयही काढायचे आहेत का आणि का, हे वहिनींनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. बीजाशय चाळिशीच्या आत काढले तर ही पायरी काही वर्षं आधी आणि एका दिवसात येते. कधी ते काढणं गरजेचंच असतं, पण न विचारता होऊ नये.

म्हातारपण: गळती, आणि घरचं प्रेम

मला सर्वात जास्त सांगायचं आहे ते हेच. दहा दिवस पलंगावर पडून राहिल्यानं काय होतं, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या, धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस झोपवून ठेवलं गेलं. आजार काहीही नव्हता. तरी प्रत्येकाच्या पायांचे सरासरी एक किलोच्या आसपास स्नायू गेले. तरुणाला हे नुकसान भरून काढता येतं. सत्तरीच्या माणसाला फार अवघड जातं, आणि प्रत्यक्षात तो आजारी, भूक मेलेली अशाही अवस्थेत असतो.

आपल्या घरांत काय चालतं? "आई, तू बस, मी आणते." "बाबा, जिना चढू नका." पाणी हातात, ताट हातात. ताप उतरून चार दिवस झाले तरी, "अजून पडून राहा, अशक्तपणा आहे." अशक्तपणा आता पडून राहण्याचाच असतो. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दिवसातून चार वेळा तरी आधारानं उठवून चालवावं. जेवणही या वयात चहा-पोळी आणि मऊ भातावर येतं. म्हातारपणी स्नायूंना प्रथिनं जास्त लागतात: किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. वरणाच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, त्यामुळे दही, पनीर, उसळ, चालत असेल तर अंडं, हे दोन्ही वेळच्या ताटात हवं.

पाण्याचंही असंच. म्हाताऱ्या शरीरात पाणी निम्म्यावर आलेलं असतं आणि तहान लागणंही मंदावतं. इंदूरच्या मे महिन्यात "तहान लागली की पितील" या भरवशावर आजोबांना सोडू नये. ते गोंधळल्यासारखं बोलू लागले तर कधी कधी कारण फक्त पाणी असतं. हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी मात्र डॉक्टरांचंच ऐकावं.

"आता या वयात काय सुधारणार?"

१९९० मध्ये एक छोटा पण गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातले दहा जण, वय ८६ ते ९६. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा नेमका, चढता व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. स्नायू नव्वदीतही शिकवलं तर ऐकतो. नेहरू पार्कात सकाळी फेऱ्या मारणं हृदयाला आणि मनाला उत्तम, पण ताकदीसाठी तेवढं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यांतलं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवंच.

"आमचे मामा बिडी ओढूनही नव्वद जगले"

जगले असतील. पण मामांच्या वर्गातले बाकीचे कुठे आहेत? ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात, सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास दहाही वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. सोडल्यावर गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण पुढच्या घसरणीचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो.

मग 'शरीराचं खरं वय' सांगणारी तपासणी करावी का?

रक्तातल्या किंवा लाळेतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून वय सांगणारी 'घड्याळं' २०१३ पासून चर्चेत आहेत. हजारो लोकांच्या गटांचा अभ्यास करताना त्यांचा उपयोग होतो. एकट्या माणसाला मात्र दोन वेगळी घड्याळं दोन वेगळी वयं सांगू शकतात, आणि आकडा कळल्यावर करायचं काय, ते तेच: रक्तदाब, साखर, झोप, व्यायाम, तंबाखू. हजारो रुपये त्यावर घालवण्याआधी फुकटातल्या दोन चाचण्या घरी कराव्यात.

पहिली: नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची ताकद कमी पडतेय. दुसरी: सहा मीटर अंतर खुणा करून नेहमीच्या चालीनं चालायचं. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे. दोन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो कुठे सरकतोय हे महत्त्वाचं. दोनदा लागोपाठ बिघडला तर फॅमिली डॉक्टरांना हे आकडे दाखवावेत. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी, पायात घसरणारी चप्पल नको, आणि चक्कर येणाऱ्यांनी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.